बेरीज कुठवर होते?

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला उशीर झाला. त्या काळच्या काँग्रेसमध्ये बागायतदार, गांधीवादी, समाजवादी, ब्राह्मणेतर सगळे एकत्र नांदले ते निव्वळ गुळाला लागलेल्या मुंगळ्यांसारखे, असं तू लिहिलं आहेस. मला ते पटलेलं नाही. आणि ते तुलाच सांगायला हवं, कारण या गोष्टीचा अर्धा भाग तुमच्या घरात आहे.

गूळ होताच. पण गूळ यायच्या आधीचं काय? केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतले बिनीचे, काकासाहेब गाडगीळ पुण्याचे ब्राह्मण वकील. हे दोघे इंग्रजांविरुद्ध एका पक्षात आले तेव्हा हाती तुरुंगाशिवाय काही लागणार नव्हतं. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन यांनी समाजवादी पक्षाचा विचार केला, तोही काँग्रेसच्या पोटात राहणारा पक्ष म्हणून. १९३४ ते १९४८, चौदा वर्षं ते आत राहून भांडले. १९३६ ला अधिवेशन फैजपूरला, म्हणजे पहिल्यांदाच खेड्यात भरलं. शेतकऱ्याचा प्रश्न मांडवात आला तो असा.

स्वातंत्र्यानंतर खरी कसोटी लागली. १९५२ ला काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, पण मतं साधारण ४५ टक्केच. म्हणजे निम्म्याहून जास्त मतं विरोधातच होती, फक्त ती विखुरलेली होती. असल्या बहुमतावर निश्चिंत राहता येत नाही. बाहेर कुणी मुद्दा उचलला की तोच मुद्दा आतला एखादा गट उचलायचा आणि पक्ष तेवढा सरकायचा. १९५५ ला मद्रासजवळच्या आवडी इथल्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, तेव्हा समाजवाद्यांच्या पायाखालची निम्मी जमीन गेली. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी या सगळ्यालाच ‘काँग्रेस सिस्टीम’ म्हटलं.

मी ते वाचण्याआधी आमच्या ओटीवर पाहिलं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पंचायत समितीच्या सभापतिपदावरून एकाच पक्षाचे दोन गट रात्री आमच्याकडे आले. आवाज इतके चढले की आजीने कंदील आत नेला. जिल्ह्याचे पुढारी घोंगडीवर बसून तासभर फक्त ऐकत होते. मग त्यांनी एकाचं नाव घेतलं आणि त्याच क्षणी पानाचा डबा दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवला. “खरेदी-विक्री संघ तुम्ही बघायचा.” त्या माणसाने बराच वेळ डब्याला हात लावला नाही. सगळे थांबून राहिले. शेवटी त्याने पान उचललं, तेव्हा आजोबांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

यशवंतराव चव्हाणांचं ‘बेरजेचं राजकारण’, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं, मला त्या डब्यावरून कळलं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत केलं होतं, आणि १९६२ ला त्याच महाराष्ट्रात काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा आल्या. मधल्या काळात राज्य मिळालं, हे मोठं कारण. राज्य मराठ्यांचं की मराठी, या संपादक माडखोलकरांच्या प्रश्नाला यशवंतरावांनी ‘मराठी’ असं स्वच्छ उत्तर दिलं. विदर्भाला पुढे मुख्यमंत्रिपद मिळालं, कन्नमवारांच्या आणि मग वसंतराव नाईकांच्या रूपाने. बौद्धांना सवलती मिळाल्या. आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पंचायत समित्या, साखर कारखाने, जिल्हा बँका, संघ, सोसायट्या... हरलेल्याला बसायला कुठेतरी जागा होती. विचार जुळले म्हणून माणसं राहिली नाहीत, आज हरलो तरी उद्या पाळी येईल असा भरवसा होता म्हणून राहिली.

तुझा राग मात्र एका ठिकाणी बरोबर आहे. कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते. आमच्या ओटीवर त्या रात्री शेतमजूर एकही नव्हता. जो होता तो बैलं बांधत होता. बेरीज त्याच्यापर्यंत पोचली नाही, आणि हे मी माझ्याच घराबद्दल लिहितो आहे.

पुढे पक्ष फाटला तोही भरवसा गेल्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. १९७२ नंतर थेट १९९२ पर्यंत पक्षांतर्गत निवडणुकाच झाल्या नाहीत. नावं वरून यायला लागली. ओटीवर भांडून काही मिळेना, मग माणसं बाहेर जाऊन भांडू लागली.

आता तुझ्या घराचं. माझे आजोबा आणि तुझे वडील एकाच वेळी काँग्रेस सोडून शेकापमध्ये, म्हणजे शेतकरी कामगार पक्षात गेले. जेधे १९५४ ला काँग्रेसमध्ये परतले, आजोबा आणखी काही वर्षांनी त्याच वाटेने गेले. तुझे वडील गेले नाहीत. बोलावणं त्यांनाही आलं होतं, आजोबाच घेऊन गेले होते. तुमच्या पडवीत दोघे किती तरी वेळ बसले आणि परत येताना आजोबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांचं बोट धरून होतो. नंतर तुमच्या घरावरचा लाल बावटा दिसला की ते मान खाली घालून पुढे जायचे.

त्या दिवशी तुझे वडील काय म्हणाले, हे मला कधीच कळलं नाही. तुला त्यांनी कधी सांगितलं होतं का? आठवत असेल तेवढं लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत