आरोग्यमंत्री साहेब, स्टेंटचा भाव ठरवला, बाकीच्या बिलाचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहते, मिस्टर अंबडला कंपनीत टर्नर आहेत. मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट करून आले आणि छाती भरून आली, डावा हात जड, बनियन घामाने चिंब. हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढून लगेच सांगितलं, मोठा अटॅक आहे, नस बंद आहे, अँजिओप्लास्टी करावी लागेल. मनगटातून वायर घालायची, ब्लॉकेजमध्ये फुगा फुगवायचा आणि नस उघडी राहावी म्हणून तिथे जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. जेवढा उशीर तेवढं हार्ट निकामी होणार असंही सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाले आधी पैसे भरा.

मी केशरी रेशनकार्ड पुढे केलं. महात्मा फुले योजनेचा बोर्ड दारातच होता, पाच लाखांपर्यंत मोफत म्हणून! काउंटरवरचा म्हणे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारे, सकाळी येतील, तोवर योजनेत घेता येत नाही. अहो, इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेता येते हे तुमच्याच योजनेत आहे, मला ते नंतर कळलं. रात्री दिरांनी दहा जणांना फोन करून पैसे मागवले, ते फेडायला आता माझ्या पाटल्या गहाण पडल्यात. आईने दिलेल्या होत्या.

बिल सव्वादोन लाखांच्या वर. 2017 मध्ये सरकारने औषधवाल्या स्टेंटचा भाव 29,600 वर आणला, चांगलंच केलं, आधी लाखाच्या वर घ्यायचे. पण फुगा, वायर, कॅथेटर म्हणजे ती बारीक नळी, कॅथलॅबचा म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीचा चार्ज, यांचा भाव कोणी ठरवलाय? स्टेंटची कंपनी, बॅच नंबर, किंमत बिलावर वेगळी लिहायची असा नियम आहे. आमच्या बिलावर 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे वापरलेलं सामान, अशी एकच ओळ आणि पुढे भलामोठा आकडा. विचारलं तर म्हणे पॅकेज आहे ताई.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या वर्षभर तरी चुकवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होते. त्या दर महिन्याला आणायच्या कुठून, पगार तर रजेमुळे अर्धाच येणार. सिंहस्थासाठी कोट्यवधींच्या घोषणा रोज ऐकतोय, आणि इथे रात्री हार्ट अटॅकचा पेशंट आला तर योजनेच्या टेबलावर माणूस नाही. टॅक्स कापताना सरकार कधी म्हणतं का, की सकाळी या?

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात रात्री आरोग्यमित्र बसवा, फुगा-वायरचेही भाव बांधा, या गोळ्या सिव्हिलमध्ये कायम मिळू द्या. आणि आमचं बिल तपासायला माणूस पाठवा, सगळे कागद मी फाईलला लावून ठेवलेत.

एक नाशिककर