वायफाय परत मिळवून देणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट झालं की लॅपटॉपचं वायफाय गायब, हा त्रास मला पुन्हा पुन्हा होत होता. ऐन कामाच्या वेळी नेटवर्कची यादी रिकामी दिसली की रडू यायचं.

ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, अशा माणसांनी यातून सोडवलं. एकाने आधी कारण समजावलं. माझ्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला नाही, वेगळा बसवलेला आहे. म्हणून नवा कर्नल आला की हा ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा कंपाइल व्हावा, म्हणजे नव्याने तयार व्हावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करतं, पण त्या कर्नलचे हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) मशीनवर नसतील तर तेही अडतं. माझं नेमकं तिथेच अडत होतं.

दुसऱ्या कोणी सांगितलं, की तूर्तास लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडा, किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर, म्हणजे फोनच्या नेटवर, हेडर्स उतरवा. नेट बंद पडलेल्या माणसाला नेट मिळणार कुठून, याचा विचार आधी करणारी माणसं विरळाच! प्रत्येक कर्नलसोबत हेडर्स आपोआप येतील असं पॅकेजही त्यांनीच सुचवलं. तेव्हापासून अपडेटनंतरही वायफाय टिकून आहे.

आणि जुन्या कार्डांचे ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळवत राहणाऱ्यांचेही आभार. त्यातले कितीतरी जण नोकरी-संसार सांभाळून, एक पैसाही न घेता हे करतात. तुमच्यामुळेच माझा जुना लॅपटॉप अजून कामात आहे. मनापासून धन्यवाद.