मध न देणाऱ्या माश्यांनाही परसात जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधमाश्यांच्या संवर्धनाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे बोलणे पेट्या, पोळी आणि मध यांच्याभोवतीच फिरते. 20 मे रोजीच्या जागतिक मधमाशी दिनाचे कार्यक्रम असोत किंवा केंद्र सरकारने 2020 साली हाती घेतलेले राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान असो, भर असतो तो सातेरीसारख्या वसाहत करून राहणाऱ्या माशीवर. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जगभरात मधमाशीवर्गातील सुमारे 20,000 जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांतील बहुसंख्य जाती एकांड्या आहेत. त्यांच्यात राणी नसते, कामकरी माश्या नसतात, पोळे नसते आणि काढून घेण्याजोगा मधही नसतो. त्यामुळेच त्या कोणत्याही योजनेत बसत नाहीत. गोव्यातील घरोघरच्या परसांत या माश्यांसाठी थोडी जागा राखली जावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

या माश्या आपल्या नेहमीच्या पाहण्यातल्या आहेत. शेवग्याच्या फुलांवर घोंघावणारा मोठा काळा भुंगा त्यांच्यापैकीच एक. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापावी तशी गोल खाच दिसली की आपण कीड पडली असे समजून औषध शोधू लागतो, पण ते काम पाने कापणाऱ्या माशीचे असते. कपडे वाळत घालण्यासाठी बांधलेल्या वेळूच्या काठीच्या उघड्या टोकाशी सकाळच्या उन्हात थोडा वेळ उभे राहिले, तर ती पानाचा लांबट तुकडा पोटाखाली धरून येते आणि आत शिरते, हे सहज पाहता येते. लांबट तुकड्यांनी ती नळीच्या आत पेल्यासारखा कप्पा तयार करते, त्यात परागकण आणि मकरंद कालवून ठेवते, त्यावर एकच अंडे घालते आणि गोल तुकड्यांचे झाकण लावून पुढचा कप्पा सुरू करते. माद्या होणारी अंडी आतल्या बाजूला आणि नरांची अंडी तोंडाकडे असतात, त्यामुळे नर आधी बाहेर पडतात. हा सगळा संसार ती एकटी उभा करते आणि बहुधा पिल्ले बाहेर येण्यापूर्वीच मरते.

आपल्या भाजीच्या मळ्यांशी या माश्यांचा संबंध किती जवळचा आहे, हे वांग्याच्या फुलावरून कळते. वांग्याच्या पुंकेसरांची पिशवी इतर फुलांसारखी उभी फाटत नाही. तिच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे असतात आणि पराग आत कोंडलेला राहतो. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी किंवा भुंगा त्या पिवळ्या शंकूला पायांनी घट्ट धरतो, पंख न फडकवता छातीचे स्नायू जोराने थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग भुरभुरत खाली पडतो. हातभर अंतरावरूनही तो गुणगुणाट ऐकू येतो. सातेरी मधमाशीला ही कला अवगत नाही. वाऱ्याने फूल हलूनही थोडी फळधारणा होते, हे खरे. मात्र फळ चांगले भरायचे असेल तर ही भेट फार मोलाची ठरते. आगशी आणि ताळगावच्या वांग्यांचा आपल्याला अभिमान आहे, तर त्या वांग्यांची फुले हलवणाऱ्या माश्यांच्या निवाऱ्याकडेही आपले लक्ष असायला हवे. टोमॅटोच्या फुलालाही असेच कंपन लागते, तर तुरीच्या फुलांवर पाने कापणाऱ्या माश्यांची ये-जा असते.

निवारा मात्र झपाट्याने आटत चालला आहे. जुन्या मातीच्या भिंती, गिलावा न केलेले चिऱ्यांचे गडगे, वेळूच्या काठ्यांची वई, परसाच्या कोपऱ्यात पडून राहिलेला ओंडका या सगळ्यांत या माश्यांची घरे होती. आता गडग्याच्या जागी सिमेंटचा गुळगुळीत कठडा येतो, अंगणात पेव्हर बसतात आणि पाऊस ओसरला की साफसफाईच्या नावाखाली वाळक्या काटक्यांसकट पालापाचोळा पेटवून दिला जातो. त्या काटक्यांच्या पोकळीत अंडी असू शकतात, हे कोणी आपल्याला सांगितलेलेच नाही.

उपाय स्वस्त आहे. वेळूचे वीतभर लांबीचे तुकडे असे कापावेत की एका टोकाला पेर बंद राहील आणि दुसरे टोक उघडे असेल. भोकाची रुंदी 3 ते 10 मिलिमीटरपर्यंत वेगवेगळी ठेवावी आणि तोंडाच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, कारण कुसे राहिली तर पंख फाटतात. दहापंधरा तुकड्यांची जुडी सुंभाने बांधून छपराच्या आत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सकाळचे ऊन येईल अशा पूर्वेकडच्या बाजूला आडवी पक्की बसवावी. तोंडाकडे किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. जुडी तारेने टांगायची असेल तर तारेला ग्रीस लावावे, नाहीतर आपल्याकडच्या मुंग्या काही शिल्लक ठेवणार नाहीत.

बाजारात मिळणारी शोभेची लाकडी घरे घेण्याआधी मात्र विचार करावा. त्यांतील भोके बहुधा उथळ असतात, काही घरांत काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या असतात आणि आपल्या दमट हवेत त्यांच्यात बुरशी धरते. शिवाय एकाच ठिकाणी शेकडो बिळे झाली की परजीवी कीटकांचे आणि कोळीकिड्यांचे फावते. म्हणून एका मोठ्या घरापेक्षा वेगवेगळ्या कोपऱ्यांतील तीनचार लहान जुड्या बऱ्या. गोव्यातील पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून मेअखेरीस तोंड बंद झालेले तुकडे हळूच उचलून पडवीत किंवा बाल्कांवात ठेवावेत. बंद खोलीत ठेवू नयेत, कारण बाहेर पडलेल्या माशीला वाट सापडणार नाही. रिकामे झालेले जुने तुकडे टाकून नवे बांधणे हे वर्षादोन वर्षांनी करावेच लागते.

तथापि बहुसंख्य एकांड्या माश्या नळीत नव्हे, तर जमिनीत घर करतात, आणि याकडे निसर्गप्रेमी मंडळींचेही दुर्लक्ष होते. सेंद्रिय बागकामाच्या उत्साहात आपण इंच न् इंच जमीन पाचोळ्याने झाकून टाकतो. आच्छादन चांगलेच आहे, पण उन्हाची, उघडी, न शिंपलेली हातभर जागा तरी मोकळी सोडावी. निळ्या पट्ट्यांच्या माशीला मातीची भिंतही चालते. वारुळाची माती थोड्या वाळूत मळून जुन्या डब्यात थापावी, ओली असतानाच पेन्सिलने दोनतीन सेंटिमीटर खोल भोके पाडावीत आणि वाळल्यावर डबा पावसापासून दूर आडवा ठेवावा. भुंगा घराचे वासे पोखरतो, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी वाशांना तेल किंवा रंग द्यावा आणि शेवग्याचा वा पांगाऱ्याचा वाळका ओंडका परसात त्याच्यासाठी राहू द्यावा. तुळशीवृंदावनातील तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, पण परसातील एखाददुसरी तुळस फुलू दिली तर या माश्या दिवसभर तिच्यावर येतात. फुलोऱ्यावर असलेल्या झाडांवर कीटकनाशक मारू नये, हे वेगळे सांगायला नको. इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड रसायनांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने 2018 साली बंदी घातली, ती मधमाश्यांना होणाऱ्या अपायामुळेच.

घरात लहान मुले असल्यामुळे पुष्कळ जण कचरतात. या माश्यांना राखण्यासारखे पोळे नसल्यामुळे त्या आग्यामोहोळाप्रमाणे अंगावर धावून येत नाहीत. नरांना नांगीच नसते आणि मादीही मुठीत दाबली गेली किंवा कपड्यात अडकली तरच डंख करते.

जैवविविधता कायदा, 2002 नुसार ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे काम आहे. त्या नोंदवहीत पक्षी आणि वनस्पती यांच्याबरोबर गावातील एकांड्या माश्या आणि त्यांच्या घरट्यांच्या जागाही नोंदवल्या जाव्यात. गावातील जाणत्या शेतकऱ्यांना विचारले, तर कोणती माशी कोणत्या फुलावर केव्हा येते, हे त्यांना चांगले ठाऊक असते. कृषी खात्याला माझी विनंती आहे की, पावसाळ्यानंतर भाजीची रोपे देताना वेळूच्या तुकड्यांची एक जुडी आणि ती कशी बसवावी याची मराठी व कोकणीतील चिठ्ठी प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती द्यावी. यंदाच्या वांग्याच्या हंगामापासूनच हे सुरू करता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा