एका वॉर्डाला एकच नगरसेवक द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

2018 च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि मैलापाणी तळमजल्यावरच्या घरांत शिरायला लागलं. आमच्या प्रभागाला नगरसेवक चार. पहिल्यांना फोन केला तर म्हणाले, ‘तो भाग मॅडम बघतात.’ मॅडमच्या कार्यालयातून तिसऱ्यांकडे पाठवलं. तिसरे म्हणाले, नाल्यापलीकडचं काम तेवढं माझ्याकडे. नवव्या दिवशी आम्हीच वर्गणी काढून सक्शन टँकर बोलावला.

चौघांनी प्रभाग आपसात वाटून घेतला होता, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं. म्हणजे एकसदस्यीय वॉर्ड प्रत्यक्षात होतेच, पण त्यांच्या हद्दी मतदारांना कुणी सांगितल्या नव्हत्या. मत चौघांना द्यायचं आणि गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं ते मात्र चौघं ठरवणार. मंत्रिमहोदय, ही वाटणी कायद्याने, उघडपणे करा, एवढंच माझं मागणं आहे.

पुण्यातल्या मतदाराचंच बघा. त्याने 2002 मध्ये तीन नगरसेवक निवडले, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. पुढे 2019 मध्ये एकसदस्यीय पद्धतीचा कायदा झाला, 2021 मध्ये तीनचा निर्णय आला, 2022 मध्ये पुन्हा चार. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं ते चारच्या पद्धतीने. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती, त्यामुळे मी कुणा एकाला दोष देत नाही. पण यातला एकही बदल नागरिकांनी मागितला म्हणून झाल्याचं मला आठवत नाही. मुंबईत मात्र 227 वॉर्ड आणि 227 नगरसेवक. एवढ्या मोठ्या शहराला जे चालतं ते नाशिकला, अमरावतीला का चालू नये?

2011 च्या जनगणनेप्रमाणे हिशेब केला तर 2017 मधला पुण्याचा एक प्रभाग साधारण पाऊण लाख लोकांचा होता. एवढ्या वस्तीत दारोदार फिरायचं तर मागे पक्षाची यंत्रणा आणि पैसा हवा. वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेली एखादी अंगणवाडी सेविका निवृत्तीनंतर उभी राहायची म्हणाली, तर तिने काय करायचं? माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. एकसदस्यीय वॉर्ड आरक्षित झाला की तिथल्या बाकीच्यांना त्या वेळी उभंच राहता येत नाही, आणि सोडत दर निवडणुकीला फिरत असल्यामुळे निवडून आलेल्यालाही पुढच्या वेळी हाच वॉर्ड मिळेल याची खात्री नसते. यावर उपाय म्हणून एक आरक्षण सलग दोन निवडणुका कायम ठेवता येईल. महिलांच्या 50 टक्के जागांना त्याने धक्का लागत नाही.

राज्याने 2009 मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, इतकी ती साधी कल्पना होती. माझ्या भागात मी एकही क्षेत्रसभा भरलेली पाहिली नाही. चार नगरसेवकांच्या प्रभागात ती बोलवायची कुणी, हा प्रश्न आहेच. एकच नगरसेवक असला तर तारीख त्यालाच विचारता येईल.

आणखी एक विनंती. प्रभागरचनेचा अधिकार मार्च 2022 मध्ये राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. तो राज्य निवडणूक आयोगाला परत द्या. निवडणूक ज्यांना लढवायची आहे त्यांनीच हद्दी आखू नयेत. रचना आणि आरक्षणाच्या वादात पुण्यासारखी शहरं जवळजवळ चार वर्षं प्रशासकांच्या हाती राहिली. संविधानाचं कलम 243-यू मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगतं.

पुढच्या निवडणुका 2031 मध्ये येतील. ऐन तोंडावर अध्यादेश काढण्यापेक्षा येत्या अधिवेशनात विधेयक मांडा आणि त्याचा मसुदा आधी हरकतींसाठी खुला करा. माझी हरकत किंवा पाठिंबा, जे असेल ते, पहिल्याच दिवशी लेखी पाठवेन.

आपला,
एक मतदार