चित्रे उरकू नका, पाहा

महोदय,

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये खुले झाले. आज तिथे प्रवेश मोफत आहे. एकाच चित्रासाठी पुन्हा पुन्हा जाता येणे, हा त्याचा खरा लाभ. शिवाजी विद्यापीठाने असे कलादालन उभारावे.

तोवर टाउन हॉल संग्रहालयात सहली नेणाऱ्या शिक्षकांना विनंती : दहा-दहाचे गट करा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बाजूनेही दाखवा. तैलचित्र आधी लांबून, मग कुंचल्याच्या फटकाऱ्यांसाठी जवळून. काचेवर चकाकी आली तर पाऊलभर बाजूला सरका. जलरंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परतत नाही, म्हणून फ्लॅश नकोच. पाठीवरची सॅक वळताना चित्राला घासते. ती पुढे घ्यावी. ओल्या छत्र्या बाहेरच. दमटपणाने कागदाला बुरशी धरते.

– एक कलाशिक्षक, कोल्हापूर