शाळेसाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष सूक्ष्मदर्शी व स्लाइडवरील चुकीचे लेबल

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या १० सूक्ष्मदर्शींपैकी ७ यंत्रांची स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायचा मंच, जागेवर राहत नाही, आपोआप खाली घसरते. फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, "मुलं नॉब फिरवत असतील." म्हणून वर्ग सुटल्यावर मी एकटीने पाहिले. कांद्याचा पापुद्रा १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळच्या भिंगाखाली) फोकस केला, हात मागे घेतले आणि घड्याळ लावून बसले. दोन मिनिटांत पेशी धूसर. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली तर त्याहून लवकर. खोलीत एकही मूल नव्हते.

मोठ्या नॉबच्या आतल्या बाजूची कडी आवळली की स्टेज घट्ट होते, हे मला ठाऊक आहे. तेही करून झाले. दोन यंत्रे सुधारली (ती या सातांत धरलेली नाहीत). बाकीच्यांची कडी नुसतीच गरगर फिरते. एका यंत्रामागे पाच मुले. पहिल्याला दिसते आणि तिसऱ्याने डोळा लावेपर्यंत चित्र गेलेले असते. मग ती पुस्तकातली आकृती उतरवतात आणि तीच 'निरीक्षण' म्हणून वहीत येते.

दुसरा दोष डायफ्रॅमचा, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा. तीन यंत्रांत त्याची दांडी पूर्ण उघड्या स्थितीत अडकली आहे. सॅफ्रानिन हा लाल रंग घातलेला कांदा त्यातही दिसतो, कारण पेशीभित्तिका ठळक असते. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मात्र पातळ आणि जवळजवळ पारदर्शक. मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालूनही त्यांची कड दिसायला प्रकाश कमी करावा लागतो. इथे तो कमीच होत नाही. निळा ठिपका, म्हणजे केंद्रक, तेवढा दिसतो. भोवतालची पेशी उजेडात विरून जाते. एका मुलाने वहीत फक्त ठिपकेच काढले. त्याला मी गुण दिले, कारण त्याने दिसले तेच काढले होते.

आणि तयार स्लाइडची पेटी! 'प्राणिपेशी' असे लेबल लावलेल्या स्लाइडवर विटांसारख्या रचलेल्या, जाड भित्तिकांच्या पेशी आहेत. "बाई, प्राणिपेशीला भित्तिका नसते ना?" हे आठवीतल्या मुलीने विचारले. आपल्याकडे माल तपासणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, याचे नवल वाटते.

सातही यंत्रे बदलून द्यावीत. डायफ्रॅमची दुरुस्ती करायला माणूस शाळेत पाठवावा. यंत्रे पुन्हा खोक्यात भरून पाठवणार नाही, कारण येतानाच एका आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) ओरखडा पडला आहे. स्लाइडची पेटीही बदलून हवी. पावतीची प्रत आणि त्या स्लाइडचे छायाचित्र सोबत जोडले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यात येईल.

आपली,
विज्ञान शिक्षिका