सूचना: उभ्या उड्डाणाच्या जेटची चाचणी रविवारी

सभासदहो, आपापल्या काल्पनिक जेटची प्लेन मेकरमधली (एक्स-प्लेन या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरसाठी विमान बनवायचं साधन) फाइल शनिवारी रात्रीपर्यंत गटावर टाका. रविवारी सकाळी 10 वाजता सगळी विमानं एक्स-प्लेनमध्ये उडवू.

पाठवण्याआधी एवढं तपासाच: टाकी भरलेली असतानाच्या वजनापेक्षा इंजिनाचा जोर जास्त हवा आणि तो गुरुत्वमध्यातूनच जायला हवा. नाहीतर विमान उठताना नाक तरी खाली घालतं किंवा शेपटीवर बसतं. जागच्या जागी तरंगताना पंखांवरून वारा वाहत नाही, म्हणजे एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या), रडर (शेपटीवरचं सुकाणू) निकामी. तेव्हा हॅरियर या उभ्या उड्डाणाच्या लढाऊ जेटसारखे नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना हवेचे छोटे झोत द्या. नोझल (इंजिनाचा झोत सोडणारी तोंडं) एकदम मागे वळवू नका, वेग येईल तसे वळवा. रंगकाम राहिलं तरी चालेल (खरंच!).